विहिरीचा खेळ



प्रौढांच्या वर्गात आम्ही एक खेळ घेतो. तो आज सांगतो. त्याला पैसा लागत नाही. खडू आणि कागद पुरे.

जमिनीवर खडूने मोठे वर्तुळ काढायचे. ही झाली गावची विहीर. जितकी माणसे तितक्या चिठ्ठ्या करायच्या. निम्म्या चिठ्ठ्यांवर लाल ठिपका द्यायचा, निम्म्या कोऱ्या ठेवायच्या. घड्या घालून त्या टोपीत टाकायच्या. प्रत्येकाने न पाहता एक उचलायची.

कोरी चिठ्ठी आली, त्याने विहिरीवर जावे, हवे तितके पाणी भरावे. ठिपका आला, त्याने लांब उभे राहावे. कुणी वरून ओतले तरच त्याला पाणी. पाच मिनिटे असे चालू द्यावे.

आधी खूप हशा होतो. मग हसू आटते. ठिपकेवाले विचारतात, "गुरुजी, आमचं काय चुकलं?" चुकले काहीच नाही. चिठ्ठी तशी निघाली, इतकेच.

आता चिठ्ठ्या पुन्हा टोपीत टाका. पण उचलण्याआधी विचारा, "विहिरीचा नियम काय असावा? तुम्हीच ठरवा." या खेपेस आपल्याला कोणती चिठ्ठी येईल, हे कुणालाच ठाऊक नसते. म्हणून सगळे सांगतात, "पाणी सर्वांना. रांगेने घ्यायचं."

मंडळी, जन्म ही अशीच न पाहता उचललेली चिठ्ठी आहे. जात कुणी निवडून घेतो का? मग तिच्यावरून हक्क कसे ठरवायचे?

हा नुसता खेळ नव्हे. चवदार तळ्याचे पाणी पिता यावे म्हणून महाडला सत्याग्रह करावा लागला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो माणसे तळ्यावर गेली व पाणी प्याली. पुढे १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने मानवी हक्कांचा जाहीरनामा मान्य केला. २६ जानेवारी १९५० पासून आपली राज्यघटना लागू झाली. तिच्या १५ व्या कलमात सार्वजनिक विहिरी, तळी, घाट आणि रस्ते यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तेथे जातीवरून कुणाला अडवता येत नाही. १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. ती पाळणे हा गुन्हा आहे.

तेव्हा पाणी ओतणे ही कुणाची मेहेरबानी नव्हे. पाणी भरणे हा माणसाचा हक्क आहे.

आपल्या गावच्या नळावर कुणी लांब उभे आहे का, ते पाहा. असेल, तर हे कलम तिथे मोठ्याने वाचून दाखवा. आता तुम्हांला वाचता येते.