फोन आला तरी घाबरू नका



मी सातवी शिकलेली गृहिणी. मोठे बोलणे मला साधायचे नाही. घरात उपयोगी पडेल तेवढेच सांगते.

फोनच्या पडद्यावर खाकी गणवेश दिसतो. “तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, कोणाला सांगू नका,” असा दम भरतात. आमच्या शेजारच्या एका आजींची पुंजी अशीच गेली. लाजेने त्या महिनाभर बोलल्या नाहीत. भगिनींनो, लाज चोराला वाटावी! अशी अटक कायद्यात नाहीच. पोलीस फोनवर अटक करीत नाहीत, पैसे मागत नाहीत. कोणी “गुप्त ठेवा” म्हणाले की फोन ठेवावा आणि घरी सांगावे.

पैसे घेताना पिन लागत नाही, देतानाच लागतो. ओटीपी कोणालाही सांगू नये. चालत असेल तेथे आधारची शेवटचे ४ आकडेच दिसणारी प्रत द्यावी. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० ला फोन करावा. लवकर कळले तर पैसे वाटेत अडवता येतात.

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. म्हणजे सरकारनेही कायद्यावाचून आपल्या घरात डोकावू नये. मग परक्याला आपण होऊन दार का उघडावे?