कोळंबी नव्हे, जेलीफिशही नव्हे
(विज्ञान मंडळाच्या सभेतील भाषण)



वर्गीकरण म्हणजे नुसते पाठांतर, अशी तुमची तक्रार असते. म्हणून आज सुमारे 50 कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातील एका प्राण्याची हकीकत सांगतो.

कॅनडातील पर्वतांत मिळालेल्या जीवाश्मांना व्हाइटीव्हज यांनी 1892 साली 'अ‍ॅनोमॅलोकॅरिस' म्हणजे 'विचित्र कोळंबी' हे नाव दिले. ती कोळंबीच्या धडासारखी दिसत, पण डोके एकीलाही नाही! घरी कोळंबी सोलणाऱ्या कोणत्याही माउलीला हे खटकले असते.

पुढे 1911 साली वॉल्कॉट यांनी तिथल्याच बर्जेस शेल खडकातील, अननसाच्या चकतीसारखा, मध्ये भोक असलेला ठसा जेलीफिश ठरवला, नाव 'पेटोइया'. आणखी एक चपटा ठसा समुद्रकाकडी ठरवला, नाव 'लॅगानिया'. वॉल्कॉट हे अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख. एवढ्या मोठ्या माणसाने लावलेली चिठ्ठी कोण बदलणार?

ती बदलली केंब्रिजच्या व्हिटिंग्टन यांनी. एका नमुन्यावरचा दगडाचा थर त्यांनी हळूहळू कोरून काढला. खाली काय निघाले? 'कोळंबी' ही एका मोठ्या प्राण्याची पुढची सोंड, आणि 'जेलीफिश' हे त्याचे तोंड! ब्रिग्ज यांच्यासह त्यांनी हे 1985 साली प्रसिद्ध केले. चाकाच्या आऱ्यांसारख्या मांडलेल्या या दातांवरूनच कॉलिन्स यांनी 1996 साली 'रेडिओडोंटा' हा गण केला. संधिपादांच्या वंशवृक्षावर तो आजच्या खेकडे-कीटकांच्या फांद्या फुटण्याआधीच वेगळा झालेला दिसतो.

पालकहो, पुस्तके बदलतात म्हणून शास्त्रावर भरवसा कसा ठेवायचा, असे तुमच्यापैकी काहीजण विचारतात. मला तर चिठ्ठी बदलता येते म्हणूनच भरवसा वाटतो. तेव्हा मुलगी "हे असेच कशावरून?" म्हणाली, तर "परीक्षेत येणार नाही, गप्प बस" असे कृपा करून म्हणू नका.

कारण 1985 चा निकालही पूर्ण टिकला नाही. अ‍ॅनोमॅलोकॅरिसचे तोंड वेगळ्या घडणीचे होते, हे डॅली आणि बर्गस्ट्रॉम यांनी 2012 साली दाखवले. अननसाची चकती पेटोइयाचीच, आणि पेटोइया हा त्याच गणातला निराळा प्राणी. लॅगानिया म्हणजेही पेटोइयाच!

दरम्यान 2011 साली ऑस्ट्रेलियातील जीवाश्मांत अ‍ॅनोमॅलोकॅरिसचे डोळे ओळखले गेले. एकेका डोळ्यात किमान 16,000 भिंगे. ज्याचे डोकेच सापडत नव्हते, त्याची नजर एवढी तीक्ष्ण होती.