पत्त्यातले सहा आकडे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. घरात मी पुष्कळ बोलते, पण त्याला कोणी भाषण म्हणत नाही. या वर्षी आपण ठरवले की बाहेरचा वक्ता आणायचा नाही, आपल्यातल्याच चौघींनी एकेका शोधाविषयी बोलायचे. चिठ्ठ्या टाकल्या. एकीला शिवणयंत्र आले, एकीला प्रेशर कुकर, एकीला चष्मा. माझ्या चिठ्ठीत निघाले टपाल. मी सातवी पास. मनात म्हटले, कुकर आला असता तर निदान शिट्टीपासून सुरुवात करता आली असती.

पण घरी गेल्यावर ट्रंकेच्या तळाशी ठेवलेले एक जुने पाकीट आठवले आणि वाटले, चिठ्ठी बरोबर हातीच आली. ते पाकीट मी आज आणले आहे. त्याची हकीकत पुढे सांगते. वाचनालयातून आणलेले एक पुस्तक, मुलाच्या फोनवर वाचलेले काही आणि आमच्या गल्लीतल्या एका काकांनी सांगितलेले काही, एवढी माझी तयारी. हे काका रेल्वे टपालाच्या डब्यात पत्रे निवडण्याच्या कामावर होते. त्यांचे नाव सांगू नका असे त्यांनी बजावले आहे.

शोध म्हटला की आपल्याला यंत्र दिसते. मीही आधी यंत्रेच शोधत बसले. पण टपालातले मोठे शोध पाहिले तर त्यात यंत्र थोडे आणि हिशेब फार. पहिला शोध तर निव्वळ हिशेबाचा आहे. विलायतेत १८४० पूर्वी पत्राचे पैसे बहुधा ज्याला पत्र येई तो देई. तेही अंतरावर आणि कागदाच्या संख्येवर. पाकीट घातले तर तो दुसरा कागद धरीत, म्हणून लोक पत्राचीच घडी घालून त्यावर पत्ता लिहीत. पत्र महाग, आणि ते घ्यायचे की नाही हे घेणाऱ्याच्या हाती. मग लोक काय करीत? पत्रावर बाहेरूनच ठरलेली खूण करीत. पोस्टमनने पत्र दाखवले, खूण पाहिली, 'सगळे ठीक आहे' एवढे कळले, की 'पैसे नाहीत' म्हणून पत्र परत! आपण एक मिस्ड कॉल देऊन फोन ठेवून देत होतो ना, त्यातलाच प्रकार.

रोलंड हिल नावाच्या एका शिक्षकाने १८३७ साली याचा हिशेब मांडला. लंडनहून एडिंबरोला एक पत्र नुसते वाहून न्यायला किती खर्च येतो? तर एका पेनीचा छत्तिसावा भाग. म्हणजे वाहण्याला काहीच पडत नाही. सगळा खर्च जातो तो अंतर मोजण्यात, नोंदी करण्यात आणि दारोदार पैसे मागत उभे राहण्यात. आपल्यापैकी ज्या भिशी चालवतात त्यांना हे समजावून सांगायला नको. पैसे ठेवायला कष्ट नाहीत, गोळा करायला आहेत. हिलचे म्हणणे असे की पैसे पाठवणाऱ्याकडून आधीच घ्या, जवळ-लांब सगळ्यांना एकच दर लावा आणि पैसे भरल्याची खूण म्हणून पत्राला एक लहानसा कागद चिकटवा. मे १८४० मध्ये राणी व्हिक्टोरियाचे चित्र असलेले एका पेनीचे काळे तिकीट निघाले. आपल्याकडे १८५४ साली हलक्या पत्राला देशभर कोठेही अर्धा आणा असा दर झाला. नवऱ्याची, भावाची खुशाली गरिबाच्या घरी येऊ लागली ती या हिशेबामुळे.

पुढचा शोध ऐकून मला हसू आले. पहिली तिकिटे सलग छापलेली असत आणि कात्रीने कापून घ्यावी लागत. हेन्री आर्चर नावाच्या एका आयरिश गृहस्थाच्या मनात १८४७ साली आले की मधल्या रेघेवर बारीक भोके पाडली तर हातानेच फाडता येतील. शिवणयंत्रात दोरा न ओवता कागदावर टीप मारली की कागद कसा अलगद सुटतो, हे आपल्यातल्या लहान मुलींनासुद्धा ठाऊक आहे. सरकारला ते पटून अशी तिकिटे रीतसर निघायला १८५४ उजाडले. आपण तर नाशिकरोडच्या बायका. येथला छापखाना १९२५ पासूनचा, देशाची तिकिटे येथे छापली जातात आणि या सभागृहातल्या कितीतरी घरांत कोणी ना कोणी प्रेसमध्ये होते किंवा आहे. मात्र तिकिटाच्या कडेची ती भोके कोणाच्या डोक्यातून निघाली, हे चार घरी विचारून पाहिले तर एकालाही सांगता आले नाही. मलाही परवापर्यंत ठाऊक नव्हते.

पत्राच्या पेटीबद्दल आणि कार्डाबद्दल फार बोलत नाही. इंग्लंडच्या राज्यातल्या जर्सी बेटावर १८५२ साली रस्त्याच्या कडेला पेट्या बसवल्या, त्या टपालखात्यात नोकरीला असलेल्या अँथनी ट्रोलप या कादंबरीकाराच्या सूचनेवरून. कार्ड पहिल्याने ऑस्ट्रियात १८६९ साली निघाले, आपल्याकडे १ जुलै १८७९ पासून, किंमत पाव आणा, म्हणजे त्या वेळचा एक पैसा. उघडे पत्र लोक वाचतील अशी कुरकूर तेव्हा झाली म्हणतात. आमच्या आजीला तर कार्ड लोकांनी वाचलेलेच हवे असे, कारण तिला स्वतःला वाचता येत नव्हते. पोस्टमनच ओट्यावर बसून वाचून दाखवी, आणि रडण्यासारखे काही असले तर आधी पाणी मागे.

आता ज्याच्यासाठी उभी राहिले आहे ते सांगते.

साल २००४. माझे सासर पिंपळगाव. कोणते पिंपळगाव, असे तुम्ही लगेच विचाराल. तीच तर अडचण आहे! आपल्या एका जिल्ह्यात पिंपळगाव बसवंत आहे, पिंपळगाव बहुला आहे, पिंपळगाव खांब आहे. जळगाव जिल्ह्यात पिंपळगाव हरेश्वर, बुलढाण्यात पिंपळगाव राजा. आमचे त्यांतले कोणतेच नव्हे, ते अगदी लहान. त्या वर्षी आमच्या यजमानांचे काम सुटले होते, मुलगी दीड वर्षाची होती, आणि घरात सासूबाईंच्या औषधाला पैसे नव्हते. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका वसतिगृहात स्वयंपाकाला बाई हवी आहे, सातवी पास चालेल, राहायला खोली मिळेल, असे कळले. अर्ज मी माझ्या हाताने लिहिला. अक्षर माझे चांगले आहे. पत्ता लिहिला, मुक्काम पिंपळगाव, जिल्हा नाशिक. खाली सहा चौकोन होते. ते मोकळे सोडले. मला वाटले, तो सरकारी कामाचा भाग असेल, तेथले कारकून भरतील. तालुकाही लिहिला नाही. आम्ही घरात नुसते पिंपळगावच म्हणतो, सगळ्यांना कळते.

मुलाखत गुरुवारी होती. पत्र माझ्या हाती पडले पुढच्या मंगळवारी.

मी तरी गेले. मुलीला सासूबाईंपाशी ठेवून दोन एस. टी. बदलून गेले. जागा भरली होती. तिथल्या बाई चांगल्या होत्या, चहा दिला, म्हणाल्या, 'पत्र तर आम्ही वेळेवर टाकले होते हो.' आणि ते खरेच होते, पाकिटावरचा शिक्का तेच सांगत होता. परत येताना मी पूर्ण वाटभर पोस्टाला दूषणे दिली. घरी येऊन यजमानांना म्हटले, या पोस्टाने आपले नशीब फिरवले. पुढे वर्षभराने आम्ही नाशिकरोडला आलो, मी पोळ्यांची कामे धरली, मग डबे सुरू केले, ते तुम्ही जाणताच. पण ते वर्ष कसे गेले ते आमचे आम्हालाच माहीत. पाकीट मात्र फेकले नाही. राग आला की काढून पाहात असे.

या भाषणासाठी ते पाकीट मी काकांना दाखवले. त्यांनी चष्मा लावला, उलटसुलट पाहिले, आणि मला म्हणाले, 'ताई, यात पोस्टाची चूक कोठे आहे ते दाखवा.'

मग त्यांनी पिनकोड समजावला. चालत्या गाडीच्या डब्यात भिंतीला कप्पेच कप्पे. रात्रीचा दिवा, गाडीचे हेलकावे, हातात पत्रांचा गठ्ठा आणि पुढचे स्टेशन यायच्या आत थैली बांधायची. कोणी मराठीत पत्ता लिहिलेला, कोणी हिंदीत, कोणी तामिळमध्ये, कोणाचे अक्षर डॉक्टरसारखे. गावांची नावे सारखी. निवडणारा माणूस गावे तोंडपाठ करून बसे, पण पाठांतराला मर्यादा असते. या गोंधळावर तोड काढली ती श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. आपला मराठी माणूस, दिल्लीला टपालखात्यात मोठ्या हुद्द्यावर. मौज अशी की हे गृहस्थ संस्कृतचे पंडित, संस्कृतात नाटके आणि काव्ये लिहिणारे. आणि देशाला त्यांनी दिले काय, तर एकही अक्षर नसलेला पत्ता! १५ ऑगस्ट १९७२ ला, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वाढदिवशी, पिनकोड सुरू झाला.

आपल्या नाशिकरोडचा आकडा ४२२१०१. आपण तो मुलांच्या शाळेच्या अर्जावर, रेशनकार्डावर, बँकेत शंभर वेळा लिहितो, पण त्यात काय आहे हे मला तरी माहीत नव्हते. पहिला ४ म्हणजे देशाचा आपला भाग, यात महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड आले. असे आठ भाग आहेत, आणि नववा आकडा लष्कराच्या टपालाचा. दुसऱ्या आकड्याने तो भाग आणखी लहान होतो. तिसरा मिळून ४२२ झाले की नाशिककडची थैली. उरलेले तीन आकडे म्हणजे नेमके पत्र वाटणारे पोस्ट. निवडणाऱ्याला गाव माहीत असायची गरज नाही, लिपी यायची गरज नाही. पहिले तीन आकडे पाहिले, कप्प्यात टाकले. धान्य निवडताना आधी मोठ्या चाळणीने, मग बारीक चाळणीने चाळतो, तसे. पुढे पत्रे निवडायला यंत्रे आली, तीही या आकड्यांच्याच भरवशावर.

आणि मी ती चाळणीच कोरी सोडली होती.

काकांनी पाकिटावरचे शिक्के एकेक करून वाचून दाखवले. पत्र आधी मोठ्या पिंपळगावाला गेले. साहजिकच, नुसते पिंपळगाव म्हटल्यावर तेच. तेथे माझ्या नावाचे कोणी नाही. मग दुसऱ्या पिंपळगावाला. तेथेही नाही. नियमाप्रमाणे ते पाठवणाऱ्याकडे परत जायचे. पण कोणीतरी ते परत न लावता कोपऱ्यात लाल पेन्सिलीने सहा आकडे लिहिले, आमच्या लहान पिंपळगावाचे. मी त्या लाल आकड्यांना इतकी वर्षे पोस्टाचा गोंधळ समजत होते. काका म्हणाले, 'हा माणूस तुमचे गाव शोधत बसला होता. गठ्ठा समोर असताना.' त्यांनी असे किती वेळा केले म्हणून मी विचारले, तर म्हणाले, 'मोजून कोण ठेवतो?'

त्या रात्री मला झोप आली नाही. एकवीस-बावीस वर्षे ज्याला शिव्या दिल्या, त्यानेच ते पत्र माझ्यापर्यंत आणले होते. उशिरा आणले, पण चूक माझी होती. हे कबूल करायला मला या व्यासपीठापर्यंत यावे लागले.

आता तुम्ही म्हणाल, पत्रे येतात कोठे? तार १४ जुलै २०१३ नंतर बंद झाली. २०२५ साली रजिस्टर टपालही वेगळे राहिले नाही, स्पीड पोस्टात मिळवले. खरे आहे. पण आपल्या मंडळाचे पापड आणि चटण्या दिवाळीत बाहेरगावी जातात, आणि मागच्या दिवाळीत तीन पुडकी परत आली हे सर्वांना आठवत असेल. पत्ते होते, 'मारुती मंदिरामागे, गिरणीसमोर'. गिरणी बंद पडली की पत्ता संपला! मे २०२५ मध्ये टपालखात्याने डिजिपिन नावाची नवी सोय काढली आहे. सगळ्या देशाची जमीन सुमारे चार मीटर लांब, चार मीटर रुंद अशा चौकोनांत वाटली आहे आणि प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरी-आकडी खूण आहे. चार मीटर म्हणजे आपली एक खोली. शेतातल्या वस्तीलाही अशी खूण मिळते. पिनकोड त्यामुळे गेलेला नाही, तो पोस्ट सांगतो, हा घराची जागा सांगतो. माझ्या मुलाने फोनवर आमची खूण काढून दिली, ती मला पाठ झालेली नाही, वहीत लिहून ठेवली आहे. ज्यांना आपली काढून हवी असेल त्यांनी चहाच्या वेळी त्याच्याकडे जावे, तो मागच्या रांगेत बसला आहे. यंदाच्या पुडक्यांवर पिनकोड लिहायचे काम मी माझ्याकडे घेते, ते दुसऱ्या कोणाला देऊ नये अशी अध्यक्षबाईंना विनंती आहे.

ते पाकीट आता तुमच्यात फिरवते. लाल पेन्सिल पुसट झाली आहे, उजेडाकडे धरले तर आकडे दिसतात. घडीवर फाटले आहे, म्हणून कडेने धरा, आणि फिरून झाले की माझ्याकडे परत द्या.