उघड्या टपाच्या गाड्या

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात एका सभासदाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



जुन्या गाड्यांच्या रॅलीवर बोला, असा आग्रह झाला म्हणून उभा आहे. माझ्याकडे स्वतःची गाडी नाही, हे पार्किंगवरून भांडणाऱ्यांना ठाऊकच आहे. मी गाड्यांचे टप शिवतो. हॉर्निमन सर्कलला व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लबच्या गाड्या जमल्या की लोक बॉनेट बघतात, मी शिवण बघतो.

१९१९ ते १९३० मधली गाडी व्हिंटेज, असा जाणकारांचा हिशेब. सरकारचा वेगळा. २०२१ च्या नियमानुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. तिच्या नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. मात्र रोजच्या वापराला ती रस्त्यावर काढायची नाही.

आज उघडी गाडी म्हणजे श्रीमंताची चैन. शंभर वर्षांपूर्वी उलट होतं बघा! उघडी टुरर स्वस्त आणि बंद गाडी महाग. पुढे पत्रा दाबून बॉड्या काढणारी मशिनं आली, बंद गाड्या स्वस्त झाल्या, आणि उघडी गाडी हौसेपुरती उरली. जुन्या काही गाड्यांना मागे उघडमीट होणारी जादा सीट असे, तिचं नाव डिकी. सीट गेली, नाव आपण सामानाच्या जागेला ठेवलं. असो.

त्यात आपला पाऊस. ओल्या टपाची घडी घातली की आत बुरशी धरते, कापड कुजतं, मग फ्रेमचं लाकूडही. म्हणून उघडी गाडी टिकलेली दिसली की मी आधी मालकाला नमस्कार करतो.

आपल्या शेजारच्या शिवडीत १९२८ साली जनरल मोटर्सने गाड्या जोडायचा कारखाना काढला. सुरुवातच शेवरोले टुररने झाली. त्याच काळातली एक टुरर काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आली. फ्रेम शाबूत, पण कापड आधीच्या मालकाने फेकून दिलेलं. फोटोवरून टप होत नाही हो. मागची खिडकी इंचभर वर गेली तरी गाडी दुसऱ्याची टोपी घातल्यासारखी दिसते.

तशीच गाडी आणखी एका गृहस्थांकडे होती. दोघे रॅलीत एकाच वर्गात, बक्षिसाला समोरासमोर. तरी त्या गृहस्थांनी ओळीने तीन रविवार आपली गाडी माझ्या गाळ्यासमोर आणून उभी केली. घाई होती, कारण गणपतीच्या मंडपाचे बांबू पडले की गल्लीत सायकलसुद्धा शिरत नाही. मी ब्राऊन पेपरवर फर्मे काढले. टप टेबलावर बेतून चालत नाही. फ्रेम उभी करायची, मधला पट्टा ताणायचा, मग बाजू, खडूच्या खुणा, शिवण, पुन्हा ताण. दोन्ही मालक स्टुलावर बसून कापडाच्या रंगावरून वाद घालत होते. किंमत विचारली की ही मंडळी मुकी होतात, पण दुसऱ्याच्या गाडीला माप द्यायला तयार! बक्षीस? दोघांनाही नाही. तिसऱ्याच एका डॉजला गेलं.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, फाटका टप भंगारात देऊ नका. फर्मा त्यातच असतो. आणि काम करणारे हातही कमी झालेत. माझ्या ओळखीचे तीन कारागीर होते. एक गावी गेले, एक आता नाहीत, तिसऱ्यांना सुईत दोरा ओवता येत नाही.

माझ्या गाळ्याच्या पोटमाळ्यावर सतरा गाड्यांचे फर्मे गुंडाळून ठेवलेत. कुठला कुठल्या गाडीचा, ते फक्त मला कळतं. गेल्या महिन्यापासून एकेकावर नाव, साल, मापं लिहायला घेतलीत. सहा झाले. अक्षर चांगलं असलेलं सोसायटीतलं कुणी मुलगा-मुलगी रविवारी दहानंतर आलं तर उरलेले लवकर होतील. शिवण शिकायची असेल तर मशीनही आहे, पायाचं. चहा माझ्याकडून.