खणातला रेडिओ

कर्जत तालुक्यात आंबिवलीला गाडी लावून कोथळीगड चढायला गेलेली मंडळी परततात ती दुपार उलटल्यावर. खालापूरच्या बाजूला चौकजवळ गाडी लावून इर्शाळगडाकडे जाणाऱ्यांचंही तेच. तोवर गाडी एकटी. काचेतून चकचकीत स्टिरिओ दिसला, तर चोराला एक दगड पुरतो. सेट जातोच, वर फुटक्या काचेतून पावसात सीटही भिजतात.

म्हणून पुढची पट्टी काढून खिशात घालता येईल असे सेट निघाले. त्यापुढचा उपाय म्हणजे डॅशबोर्डवर जुनाच साधा रेडिओ ठेवायचा आणि चांगला सेट सीटखाली किंवा झाकणाच्या खणात बसवायचा. पण रेडिओ लपवला तरी एरियल लपवून चालत नाही. गाडीचा पत्रा लहरी अडवतो, त्यामुळे एरियल पत्र्याबाहेरच हवी. एफएमची लहर साधारण ३ मीटरची, म्हणून पाऊण मीटरची काडी तिला छान पुरते. मुंबईची अस्मिता वाहिनी मात्र ५५८ किलोहर्ट्झवर. तिची लहर पाचशे मीटरहून लांब, तिच्यापुढे ही काडी फारच आखूड!

सेट तापतो, त्याच्याभोवती हवा खेळू द्या. बॅटरीकडून येणाऱ्या तारेत, बॅटरीजवळच फ्यूज घाला. आणि एअरबॅगच्या तारांना हात लावू नका. ते काम जाणत्या इलेक्ट्रिशियनचंच. त्यात काटकसर नको, हे मी कळकळीनं सांगतो.

एवढं करूनही काच फुटलीच, तर काहीही न हलवता फोटो काढा आणि ११२ फिरवा.