जागेवर हजर



वार्ताहराला बातमी फोनवरूनही मिळते.
छायाचित्रकाराला मात्र जागेवर हजरच राहावं लागतं.

मुंबईत अनंत चतुर्दशीला लालबागचा राजा हा गणपती विसर्जनाला निघतो.
गिरगाव चौपाटी गाठेपर्यंत दुसरा दिवस उजाडतो.
गुलाल उधळण्याआधीच छायाचित्रकार कॅमेऱ्याला प्लास्टिक गुंडाळतो.
ती बारीक पूड लेन्सच्या खाचेत शिरली, की रिंग करकरते.

मोर्चाची गोष्ट वेगळी.

मार्च 2018.
नाशिकहून हजारो शेतकरी चालत मुंबईत आले.
दहावीच्या मुलांना परीक्षेला जाताना अडचण नको,
म्हणून त्यांनी सायनहून आझाद मैदान रातोरात गाठलं.
काही छायाचित्रकारांनी लाल झेंड्यांचे फोटो काढले.
काहीजण खाली वाकले.
फोडांनी सोललेल्या पावलांचे ते फोटो देशभर पोहोचले.
शेतकऱ्यांचं म्हणणं त्या पावलांनीच घरोघरी नेलं.

आणि पावसाळा!
मुंबईत हिंदमाता भागात पाणी तुंबलं, की लोक घराकडे धावतात.
छायाचित्रकार तिकडे निघतो.
उघडं मॅनहोल पाण्याखाली दिसत नाही.
म्हणून तो दुभाजकाला धरून चालतो.
मेमरी कार्ड पिशवीत बांधून आतल्या खिशात.
गार गाडीतून उतरताच लेन्सवर वाफ धरते.
ती जाईपर्यंत थांबायचं.
पण जागेवर हजर राहायचं.

श्रोतेहो, उद्याच्या वर्तमानपत्रात असा फोटो दिसला,
तर त्याखालचं छायाचित्रकाराचं नावही जरूर वाचा.