काळ्या ट्रंकेतले आरमार



माजी नौसैनिकांची परिषद हिंगोलीत भरणार म्हटल्यावर पहिला प्रश्न समुद्राचाच निघाला. समुद्र इथून रस्त्याने पाचशे किलोमीटरहून लांब. जिल्ह्याला कयाधू आहे, पूर्णा आहे, पैनगंगा आहे. इथल्या मुलाने मोठे पाणी पाहिलेले असते ते सिद्धेश्वरच्या किंवा इसापूरच्या धरणाचे. असा मुलगा भरती होऊन ओडिशातल्या आयएनएस चिल्का या प्रशिक्षण केंद्रात पोहोचतो, पुढे जहाजावर चढतो, पहिल्या वादळात वांत्यांनी अर्धमेला होतो आणि तरीही चार तासांची पाळी चुकवत नाही. नर्सीच्या नामदेवांनी पंजाबातल्या घुमानपर्यंतची वाट तुडवली. दूर जाण्याची या मातीला जुनी सवय आहे. त्या मातीच्या वतीने स्वागत समिती सर्वांचे मनापासून स्वागत करते.

आरमार हे कोकणपट्टीच्या माणसांचे काम, हा समज घाटावर आणि मराठवाड्यात अजून टिकून आहे. व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांचे उदाहरण त्यावर पुरेसे आहे. १९७१ च्या युद्धात आयएनएस कामोर्ताचे हे कप्तान बंगालच्या उपसागरात लढले, वीरचक्राचे मानकरी ठरले आणि निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णीला, दुष्काळी टापूत, स्थायिक झाले. तिथे राहून त्यांनी एकट्या भारतीयाने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी हा ध्यास धरला. गोव्यात रत्नाकर दांडेकर यांनी म्हादेई ही होडी बांधली आणि कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ती प्रदक्षिणा पुरी केली.

हिंगोली, वसमत, औंढा, कळमनुरी, सेनगाव या तालुक्यांत ज्या घरातून कोणी नौदलात गेले, तिथे माळ्यावर एक काळी लोखंडी ट्रंक असते. पांढऱ्या रंगात नाव, नंबर. आत पांढरा गणवेश, पदके, धूसर छायाचित्रे. या परिषदेचा खरा विषय ती ट्रंक आहे, कारण युद्धनौकांचा इतिहास लिहिला गेला तो बहुतेक वरच्या डेकवरून, आणि जहाज चालले ते खालच्या माणसांच्या जिवावर.

१९७१ च्या युद्धातल्या कराचीवरच्या हल्ल्याचेच पाहावे. सोव्हिएत संघाकडून आलेल्या आठ क्षेपणास्त्र बोटींपैकी प्रत्येकीचे वजन साधारण १८० टन. एवढा बोजा उचलणारी क्रेन मुंबईत नव्हती, म्हणून त्या कलकत्त्याला उतरवल्या आणि सारा किनारा वळसा घालून मुंबईपर्यंत ओढत आणल्या. आखूड पल्ल्याची ही बोट ओढून दूरवर नेता येते, हे त्या प्रवासानेच दाखवून दिले. त्या बोटींवरचे नौसैनिक व्लादिवोस्तोकच्या थंडीत शिकून आलेले, रशियन भाषेसकट. प्रत्येक बोटीवर चार क्षेपणास्त्रे आणि पुढे-मागे ३० मिलिमीटरच्या जोडतोफा.

४ डिसेंबर १९७१ च्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या तीन बोटी किलतान व कचाल या नौकांच्या सोबतीने कराचीच्या दिशेने गेल्या. स्क्वाड्रनचे नेतृत्व बब्रू भान यादव यांच्याकडे होते. निर्घातच्या क्षेपणास्त्रांनी पाकिस्तानची खैबर ही विनाशिका बुडवली. आकाशातून येणारा तो प्रखर उजेड म्हणजे विमान, असा खैबरवरच्या लोकांचा समज झाला आणि त्यांच्या संदेशात हल्ला विमानाचा असल्याचे नोंदले गेले. डागणाऱ्यांनाही पुढचे काही दिसत नव्हते. कानठळ्या बसवणारा आवाज, बोटीला बसलेला हादरा, आणि मग रडारच्या पडद्यावरचा एक ठिपका नाहीसा होणे, एवढेच. त्या ठिपक्यात माणसे होती, हे ज्याला त्या रात्री किंवा पुढे कधीतरी जाणवले, त्या नौसैनिकाची आठवण कोणत्याही पदकाइतकीच मोलाची आहे. नौदल दिन ४ डिसेंबरला येतो तो या हल्ल्यामुळे.

त्याच दिवशी पूर्वेला विक्रांत या विमानवाहू नौकेवरून उडालेली सी हॉक विमाने कॉक्स बाजारवर तुटून पडली. विक्रांतच्या चारपैकी एका बॉयलरला तडे गेले होते, त्यामुळे तिचा वेग मर्यादित होता. विमान आकाशात फेकणाऱ्या यंत्रालाही वाफ त्याच बॉयलरांची लागे. म्हणजे वैमानिकाचे उड्डाण खाली घाम गाळणाऱ्या स्टोकरच्या हाती. वैमानिकांची नावे पुस्तकांत आली, हे योग्यच झाले. बॉयलर खोलीतली माणसे मात्र घरी परतली, शेतीला लागली, आणि ‘नेव्हीत होतो’ यापलीकडे फारसे बोलली नाहीत.

पाच दिवसांनी, ९ डिसेंबरच्या रात्री, दीवजवळ आयएनएस खुकरी बुडाली. आपल्या सोनारला लांबचे ऐकू यावे म्हणून ती मंद गतीने चालत होती, आणि पाकिस्तानी पाणबुडी हंगोरने तिला आधी हेरले. पाणतीर लागल्यावर काही मिनिटांतच सगळे संपले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी स्वतःचे जीवरक्षक जाकीट दुसऱ्याला दिले आणि ते जहाजाबरोबर गेले. त्यांचे नाव देशाला पाठ आहे, तसेच असायला हवे. पण १७६ या आकड्यातल्या किती जणांचे गाव, काम, शेवटचे पत्र कुणाला सांगता येईल?

औंढ्याजवळ आता लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहत आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा रोवून ती विश्वातली अतिसूक्ष्म कंपने टिपणार आहे. कानाला हेडफोन लावून अंधाऱ्या कक्षात पाण्यातला बारीकसा बदल पकडणारा सोनार ऑपरेटर याच जातीचे काम करत आला. खुकरीवरही असे कान होते. हिंगोलीच्या मुलांना वेधशाळा दाखवताना त्यांचीही गोष्ट सांगावी.

आता शस्त्रे पार बदलली. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या मोरमुगाव आणि सुरत या विनाशिका सुमारे ७,४०० टनांच्या आहेत. त्यांवर ध्वनीच्या जवळपास तिप्पट वेगाने जाणारे ब्रह्मोस आहे, हवेतला हल्ला रोखणारी बराक क्षेपणास्त्रे आहेत. चिल्कातून आता मुलीही अग्निवीर होऊन बाहेर पडतात. जुन्या त्रिशूल या युद्धनौकेवर साडेचार इंची तोफ होती, तिला हातांनी दारूगोळा पुरवणारे लोक आज सत्तरी-ऐंशीत आहेत. तोफेच्या पाळीची ती लय, तो धूर, दिवसभर बधिर राहणारे कान कुठल्याही संग्रहालयात ठेवता येत नाहीत. विक्रांतही २०१४ साली भंगारात निघाली. ती वाचवायला हवी होती, असे स्वागत समितीला ठामपणे वाटते.

सामान्य नौसैनिकाने लिहिले तर काय घडते, याचा दाखला मुंबईचाच आहे. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्याच्या तलवार या नौदल केंद्रावर निकृष्ट जेवणाच्या तक्रारीतून ठिणगी पडली, आणि नौसैनिकांचा उठाव ७८ जहाजांपर्यंत पोहोचला. त्यातले एक तारायंत्री, बी. सी. दत्त, यांनी पुढे स्वतः पुस्तक लिहिले. त्यामुळे त्या उठावाची हकीकत मोठ्या नेत्यांपुरती उरली नाही. तसे मराठीत बॉयलर खोलीतून, भटारखान्यातून, वायरलेस कक्षातून लिहिलेले फार थोडे सापडते.

म्हणून मंडपाच्या प्रवेशद्वाराशी एक टेबल मांडले आहे. तिथे ध्वनिमुद्रणाची सोय आहे, आणि लिहून घ्यायला महाविद्यालयातली मुले बसली आहेत. मोठे भाषण नको. जहाजाचे नाव, कामाची जागा, पहिल्या वादळाची रात्र, मेसमध्ये शेजारी झोपणाऱ्या सोबत्याचे नाव आणि गाव, एवढे सांगावे. ज्यांचा नौसैनिक आता हयात नाही, त्या घरच्या मंडळींनी ट्रंकेतली पत्रे आणि छायाचित्रे घेऊन यावे. त्यांची प्रत काढून मूळ वस्तू तिथल्या तिथे परत दिली जाईल. परिषद दोन दिवस चालेल. टेबल सकाळी आठपासून उघडे आहे.